रानभाज्या आणि कंदांचा ‘गच्ची बॉक्स’: कंद घ्या, बियांची पाकिटं सोडा (पाचपैकी अडीच स्टार)

पैसे वसूल झाले का, तर अर्धे झाले. ज्यांना एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, या बॉक्समधले कंद चांगले आहेत, बिया निम्म्या टाकाऊ आणि सोबत येणारं माहितीपत्रक म्हणजे नुसता रंगीत कागद. अडीच स्टार देतेय, त्यातला अर्धा चौधारी घेवड्याने मिळवून दिलाय. विकणाऱ्याचं नाव टाकत नाहीये कारण एक तर कटकट करून का होईना पण त्यांनी कंद बदलून दिला, आणि दुसरं म्हणजे इन्स्टावर असे बॉक्स विकणारे आता ढिगाने झालेत, माल सगळ्यांचा थोड्याफार फरकाने हाच. कुणाकडूनही मागवलंत तरी हे वाचलेलं उपयोगी पडेल.

बॉक्स १४९९ चा, वर शिपिंग. आत करटोलीचे दोन कंद, कोनफळाचा एक बरा तुकडा, मूठभर करांदे, आंबेहळदीचे गड्डे, मग चौधारी, लाल अंबाडी, गोकर्ण आणि मिरॅकल फ्रूट अशी बियांची पाकिटं, दोन ग्रो बॅगा, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट, एक फळमाशीचा ट्रॅप आणि वर ‘फ्री गिफ्ट’ म्हणून निळ्या स्ट्रॉबेरीच्या बिया. हो निळ्या. त्याकडे येतेच.

आम्ही बदलापूरला, गच्ची वापरायला मिळते, ऊन भरपूर आणि पाऊस तर विचारूच नका. टोमॅटो-मिरची-पालक खूप वर्षं करून झालंय, आता बाजारात सहज मिळत नाही तेच लावायचं असं ठरवलंय, त्यामुळे मी या बॉक्सचं टार्गेट कस्टमर आहे हे मान्य.

सगळ्यात आधी करटोली, कारण बहुतेक लोक हा बॉक्स तिच्यासाठीच घेतात. (विदर्भातले लोक काटवल म्हणतात तीच.) कंद मस्त होते, टणक, डोळे दिसत होते, मे अखेरीला लावले आणि पहिल्या पावसात सरसरून वर आले, जुलैत मांडवावर पोचले, पिवळी फुलं यायला लागली. आणि फुलं गळायला लागली. रोज. प्रत्येक फुलाखाली ते एवढंसं काटेरी बाळकरटोलं दिसायचं, दोन दिवसात पिवळं पडून गळून जायचं. विकणाऱ्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं, ‘मॅम पाणी कमी घाला’. अहो बदलापूरच्या जुलैत पाणी मी घालते का?

खरी भानगड अशी की करटोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. फुलाच्या खाली बारकं फळ दिसलं की मादी, आणि फळ नसून कळीला झाकणारं टोपडंवजा हिरवं पान असलं की नर. माझ्याकडे दोन्ही माद्या आल्या होत्या. दोन माद्या पाठवणं म्हणजे चार्जर न देता मोबाईल विकण्यासारखं आहे, आणि माहितीपत्रकात याबद्दल एक अक्षर नाही, त्यात काय आहे तर ‘इम्युनिटी बूस्टर सुपरफूड’. शेतात लावणारे आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवतात, म्हणजे घरी एक नर लावला की खूप झालं, पण तो एक लागतोच.

मग स्टेशनबाहेर पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बसतात त्यातल्या एका मावशींना विचारलं, करटोलीचा नर कंद आणून द्याल का. त्या हसल्याच. ‘त्याला फळ नाय लागत ताई, काय करताय नेऊन?’ पण आणून दिला, वेलाच्या तुकड्यासकट आणि त्यावर कळ्या असलेला. पैसे विचारले तर म्हणे करटोली घ्या अर्धा किलो, कंदाचे काय घ्यायचे.

परागीभवन हाताने करावं लागलं आणि ते करायला मजा येते हे मात्र खरं. ही फुलं संध्याकाळी उमलतात, रात्रीचे पतंग येऊन काम करतात, पण दुसऱ्या मजल्याच्या वरच्या गच्चीवर पतंग किती येणार. म्हणून सातच्या सुमारास टॉर्च घेऊन वर जायचं, नराचं ताजं फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा, पिवळी धूळ चिकटलेली दिसते. एका नर फुलात दोन-तीन माद्या होतात. पाऊस चालू असेल तर वर छत्री धरायला माणूस लागतो, आमच्याकडे ती ड्यूटी नवऱ्याची. झालं काम तर दोन-तीन दिवसातच कळतं, खालचं बाळफळ हिरवंच राहतं आणि फुगायला लागतं, साधारण दोन आठवड्यात भाजीजोगं. वेळेत नाही काढलं तर आत बी टणक होतं, मग नारिंगी होऊन फुटतं.

आणि हो, करटोलीच्या बियांचं पाकीट कुणी विकत असेल तर घेऊ नका. एक तर बीचं कवच दगडासारखं, उगवायला महिने घेते, आणि उगवली तरी नर की मादी ते फुलं आल्याशिवाय कळत नाही. कंदच घ्या. हिवाळ्यात वेल वाळला की घाबरून कुंडी रिकामी करू नका, कंद आत झोपलेला असतो, पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी परत येतो.

आता चौधारी. या एका पाकिटासाठी मी विकणाऱ्याचे सगळे गुन्हे माफ करायला तयार होते. पण याच्यावर त्यांच्या पेजवर लोकांनी सगळ्यात जास्त शिव्या घातल्यात, ‘नुसती पानंच येतात’, ‘फेक सीड्स’, वगैरे, आणि तिथे मात्र मी विकणाऱ्याच्या बाजूने आहे. बिया फेक नाहीत हो. चौधारी ही लहान दिवसाची वेल आहे, म्हणजे दिवस साधारण बारा तासांच्या खाली आल्याशिवाय ती फुलायचं मनावरच घेत नाही. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, तो बाराच्या खाली यायला सप्टेंबर संपतो. त्यामुळे जूनमध्ये लावा नाहीतर ऑगस्टमध्ये, फुलं ऑक्टोबरच्या आसपासच. मधले महिने नुसता पाला, तो बघून लोक वैतागून उपटतात. पत्रकात ही एक ओळ टाकली असती तर निम्म्या शिव्या वाचल्या असत्या, पण तिथे जागा प्रोटीनने खाल्लीय. प्रोटीनचं खोटं नाहीये तसं, वाळल्या बीमध्ये सोयाबीनच्या जवळपास जाईल इतकं असतं, १९७५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने या एका शेंगेवर अख्खा रिपोर्ट काढला होता, उष्ण देशांसाठी हीच पुढची डाळ म्हणून. तसं काही झालं नाही, कारण वेलाला मांडव लागतो आणि शेंगा सगळ्या एकदम तयार होत नाहीत, शेतकऱ्याला ते परवडत नाही. गच्चीवर मात्र तोच गुण, दर दोन दिवसांनी एका भाजीपुरत्या शेंगा.

बी लावायच्या आधी सँडपेपरवर जरा घासून रात्रभर भिजवली, त्याने पटापट उगवली, न घासलेल्या मागे राहिल्या. माझे दोन वेल होते, एक पाण्याच्या टाकीकडे अंधारात आणि एक सोसायटीच्या एलईडीखाली. टाकीकडचा आधी फुलला, दिव्याखालचा चांगलाच उशिरा. अशा झाडांना रात्र अखंड काळोखी लागते त्यामुळे मला तरी तो दिव्याचाच प्रताप वाटतो. फुलं फिकट निळी, सुरेख. शेंग चौकोनी, चारही कडांना कातरलेली झालर, आडवी चिरली की चकतीला चार टोकं. बोटभर झाली की तोडायची, तेव्हा मोडताना कटकन आवाज येतो, वाकायला लागली की गेली कामातून, दोरेच दोरे. मोहरी-हिंगाची फोडणी, हिरवी मिरची, वरून ओलं खोबरं, पाच मिनिटांची भाजी, जास्त शिजवली की गिच्च होते. फुलं आणि कोवळे शेंडेही चालतात, फुलांची भजी केली होती, चव अशी काही नाही पण दिसतात भारी. मावा (बारकी कीड) पडतो फुलांच्या तुऱ्यावर, पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी पुरतं.

कोनफळ आणि करांदे एकत्रच घेते कारण पत्रकात त्यांचे फोटो उलटसुलट छापलेत. ओळखायचं असेल तर असं बघा, कोनफळाचा वेल चौकोनी, कडांना पातळ पंख असल्यासारखा, पानं समोरासमोर जोडीने. करांद्याचा वेल गोल गुळगुळीत, पानं एकाआड एक, आणि पानांच्या बेचक्यात हवेतच करांदे लटकतात. कोनफळ मात्र मुख्यतः जमिनीत.

सासूबाई अलिबागकडच्या, त्यांना या बॉक्सचं काडीचं कौतुक नव्हतं. ‘आमच्या कुंपणावर फुकट चढायचे गं हे, तू पैसे देऊन आणलेस?’ तरी लावताना कोनफळाचा तुकडा त्यांनीच हातात घेतला, प्रत्येक फोडीला साल राहील असा कापला, कापलेल्या बाजूला राख लावून एक दिवस सावलीत ठेवला आणि मगच मातीत घातला. पुढे वाचलं तर तिरुअनंतपुरमजवळच्या श्रीकार्यमला जी केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था आहे (१९६३ पासूनची) तिथेही मिनिसेट म्हणून हेच शिकवतात, साल असलेले २५-३० ग्रॅमचे तुकडे करून लावा म्हणजे एका कंदात पुष्कळ रोपं होतात. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, बरं झालं, त्यांनाही कळलं.

बॉक्समधली ग्रो बॅग बारा बाय बारा इंचाची होती, ती कोनफळाला कुठे पुरणार. मी अठरा बाय अठरा वापरली आणि खरं तर चोवीसची हवी होती, कारण डिसेंबरात पानं पिवळी पडल्यावर बॅग उलटी करायला गेले तर हलेना. शेवटी ब्लेडने उभी फाडली. आत कंद बॅगच्या तळाला दाबून बसलेला, खालून अगदी सपाट, बाजूला बोटांसारखे फाटे फुटलेले आणि फाट्यांच्या बेचक्यात माती गच्च. ती माती काढण्यातच अर्धा तास गेला. चिरल्यावर आतला जांभळा रंग बघून पोरं ओरडलीच. काप केले रवा लावून, थोडी भजी, आणि उपवासाला चालतं म्हणून उरलेलं एकादशीला किसात गेलं. कच्चं चिरताना चिकट असतं, हाताला तेल लावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘कोकण घोरकंद’ म्हणून कोनफळाचा वाण आहे, पुढच्या वेळी तो शोधणार, कारण या बॉक्समधला वाण कुठला ते विकणाऱ्यालाच माहीत नाही.

करांद्याबाबत जरा स्पष्ट बोलते. पत्रकात ‘एअर पोटॅटो, सॅलड आणि स्मूदीसाठी उत्तम’ असं छापलंय. कृपा करून असलं काही करू नका. करांदा कच्चा खायचा नसतोच, आणि रानातले कडू करांदे तर नीट प्रक्रिया न करता खाल्ले तर त्रास होऊ शकतो, ते खाणारे लोक चकत्या करून, राखेत घालून, पुन्हा पुन्हा उकडून पाणी फेकतात आणि त्यांना ते पिढ्यानपिढ्या माहीत असतं. घरगुती करांदे मिठाच्या पाण्यात उकडायचे, साल काढायची, तरी शेवटी किंचित कडवटपणा राहतो, तोच ज्यांना आवडतो त्यांना आवडतो. आमच्याकडे जानेवारीत पोपटीच्या (मडकं जाळात ठेवून शेंगा भाजतात त्या) मडक्यात वालाच्या शेंगांबरोबर चार-पाच टाकले होते, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास लागून छान झाले. आणि अजून एक, खाली पडलेले करांदे वेचा. जिथे पडेल तिथे रुजतो. अमेरिकेत फ्लोरिडात हा वेल सरकारी उपद्रवी यादीत आहे, सगळं रान झाकून टाकतो म्हणून. आमच्या खालच्या काकूंच्या तुळशीत एक उगवलाय आणि तो कुणाचा हे त्यांना बरोबर कळलंय.

आंबेहळद कुठेही लावा, येते. कैरीचा वास, लोणचं उत्तम. गोकर्ण सगळ्यांकडे असते, त्याच्या बियांचे पैसे लावणं हा जोक आहे, कुंपणावरची एक वाळकी शेंग खिशात टाकली की झालं, निळा चहा करून वर लिंबू पिळून जांभळा झाला की पाहुणे खूश. लाल अंबाडी चांगली निघाली, पाल्याची भाजी आधी होते, कण्या आणि शेंगदाणे घालून, भाकरीवर लसणाची चरचरीत फोडणी. तिची लाल बोंडंसुद्धा दिवस लहान झाल्यावरच येतात, त्यामुळे तिलाही ऑगस्टमध्ये शिव्या देऊ नका. बोंडांचं सरबत आणि जॅम दोन्ही झालं, जॅम घट्ट करणारं पेक्टिन विकत आणावं लागलं नाही.

आता राग येणारा भाग. मिरॅकल फ्रूट, पश्चिम आफ्रिकेतलं ते लाल फळ, चघळून मग लिंबू खाल्लं तर लिंबू गोड लागतं, मिराक्युलिन नावाच्या प्रथिनामुळे. हे खरंय, जादू नाही. पण या झाडाची बी वाळली की मेली. फळातून काढल्यावर ताजी ताजीच लावावी लागते, फणस आणि कोकोच्या बियांसारखी. पाकिटात महिनोन्महिने वाळून खडखडीत झालेली बी उगवणं शक्यच नाही, आणि रोपवाटिकेचा धंदा करणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. हवंच असेल तर रोप घ्या, महाग असतं, आम्लधर्मी माती मागतं आणि फळाला तीन-चार वर्षं लावतं, एवढं ऐकूनही हवं असेल तर खुशाल घ्या.

आणि निळी स्ट्रॉबेरी. अस्तित्वातच नाही. फोटो एडिट केलेले असतात. शिवाय स्ट्रॉबेरी बियांपासून सहसा कुणी लावत नाही, महाबळेश्वरवाले मातृरोपांच्या धावत्या फांद्यांपासून रोपं करतात. तरी पेरल्या, बघू तरी काय येतंय म्हणून. राजगिरा आला. दोन वेळा भाजी झाली, चांगली होती.

चांगल्या भाजीबियाण्याच्या पाकिटावर उगवणशक्तीची टक्केवारी, लॉट नंबर, चाचणीची तारीख असं सगळं असतं, इथे नुसतं ‘ऑरगॅनिक देसी’ आणि एक गाय. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली, त्यांनी देशी वाण जपताना कुठलं बी कुठलं हे नीट सांभाळलं, त्यांच्या नावावर आता सगळेच ‘देसी’ विकतायत, पण वाण कोणता आणि आणला कुठून विचारलं की चिडीचूप.

बाकी सामान. कोकोपीट न धुतलेलं, खारट, दोनदा भिजवून पिळून पाणी फेका मगच वापरा नाहीतर कोवळ्या पानांच्या कडा जळतात. ग्रो बॅगा पातळ, एका पावसाळ्यात शिवण उसवली. ट्रॅपमध्ये ल्यूर (माशीला ओढणारं आमिष) आहे मिथाइल युजेनॉलची, म्हणजे आंबा-पेरूच्या फळमाशीची. करटोली, कारली, काकडी या वेलांवरची फळमाशी वेगळी, तिला क्यू ल्यूर लागते. वेलभाज्यांच्या बॉक्समध्ये आंब्याचा ट्रॅप, त्यामुळे डबा टांगला होता आणि माशी त्याच्या शेजारून जाऊन करटोल्यात अंडी घालत होती. क्यू ल्यूर कृषी सेवा केंद्रात मिळाली, स्वस्तात.

हिशोब केला तर करांदे, कोनफळ, आंबेहळद हे तिन्ही हिवाळ्यात बाजारात खायला मिळतात तेच लावायला चालतात, किलोच्या भावात. करटोलीचे कंद मावशींकडून, चौधारीच्या बिया ज्याच्याकडे वेल आहे त्याच्याकडून, कारण एका वेलाच्या बिया अख्ख्या सोसायटीला पुरतात. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात जिल्ह्याजिल्ह्यात, तिथे जा, भाजी आणणाऱ्या बायकांशी बोला, कशी लावायची आणि कशी शिजवायची दोन्ही एकाच ठिकाणी कळतं. घरपोच आणि एकत्र सगळं मिळतं याचे म्हणून हजारेक रुपये द्यायचे असतील तर बॉक्स वाईट नाही, वेळ नसलेल्यांनी घ्यावा, फक्त ऑर्डर करताना मेसेजमध्ये ‘करटोली एक नर एक मादी’ असं लिहून स्क्रीनशॉट ठेवावा.

कस्टमर केअर म्हणजे एक व्हॉट्सअॅप नंबर. मिरॅकल फ्रूटचे पैसे परत मागितले तर ‘जर्मिनेशन निसर्गावर अवलंबून’. नर कंदासाठी मात्र मागे लागले, फुलांचे क्लोजअप पाठवले, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात एक पाठवला, शिपिंग माझ्याकडूनच घेऊन. त्यामुळे आता माझ्याकडे नर दोन झालेत आणि मला एकच पुरतो. बदलापूर-अंबरनाथकडे कुणाकडे नुसत्या माद्या असतील तर सांगा, फुकट देईन, पण एप्रिलच्या आत न्या, नंतर कोंब फुटतात आणि उपटताना तुटतात.